फळ्यावरचे ज्ञान आणि ताटातले अन्न

शिक्षकाच्या आयुष्यात फळ्यावर लिहिण्यात जितका काळ जातो, तितका दुसऱ्या कोणत्याही कामात जात नसेल. मी पुष्कळ वर्षे आरोग्यशास्त्राचा तास घेत असे. 'अति गोड व अति तळलेले पदार्थ वर्ज्य करावे', 'उघड्यावर ठेवलेले खाद्य विकत घेऊ नये' अशी वाक्ये मी खडूने फळ्यावर लिहावी, मुलांनी ती वहीत सुवाच्य अक्षरांत उतरून घ्यावी, आणि परीक्षेत त्यावर प्रश्न आला म्हणजे बहुतेकांना पुरे गुण मिळावे, असा क्रम वर्षानुवर्षे चालला होता. मधल्या सुट्टीची घंटा झाली की तीच मुले शाळेच्या फाटकाबाहेर कढईभोवती गोळा होत. खरे सांगावयाचे तर त्या गर्दीत कधी कधी त्यांचे मास्तरही असत. उत्तर बरोबर आणि वर्तन नेमके उलट, हे कोडे तेव्हापासून माझ्या मनात घर करून आहे. विषय मुलांना समजला नव्हता असे म्हणावे, तर गुणपत्रक आड येते. समजलेले ज्ञान तोंडाच्या वाटेवर कोठे हरवते, हा खरा प्रश्न आहे.

या प्रश्नाची पुन्हा आठवण व्हावी असा प्रसंग २०२५ सालच्या जुलै महिन्यात आपल्या नागपूरच्या वेशीवरच घडला. शहराच्या दक्षिणेस, विमानतळाला लागून, खापरी, दहेगाव, तेल्हारा, शिवणगाव या गावांच्या शिवारांत जो विस्तीर्ण प्रकल्प उभा आहे, त्यास 'मिहान' म्हणतात. एका लांबलचक इंग्रजी नावाची आद्याक्षरे जुळवून हे नाव तयार झाले. पण आता ते खापरीइतकेच जुने असावे अशा सहजपणे लोक उच्चारतात. तेथे संगणकाचे काम करणाऱ्या मोठ्या कंपन्या आहेत, विमाने दुरुस्त करण्याचे केंद्र आहे, संत्र्याचा रस काढणारा व अन्य खाद्यपदार्थ तयार करणारा कारखाना आहे, आणि 'एम्स' या नावाने सर्वपरिचित असलेले अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचे रुग्णालय आहे. ११ डिसेंबर २०२२ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. विदर्भाबरोबरच शेजारच्या मध्य प्रदेशातून व छत्तीसगडातूनही रोगी तेथे येतात.

केंद्र सरकारच्या आरोग्य मंत्रालयाने २१ जून २०२५ रोजी निरनिराळी मंत्रालये, खाती व सरकारी संस्था यांस एक पत्र पाठविले. उपाहारगृहे, बैठकीच्या खोल्या, येण्याजाण्याच्या जागा येथे असे फलक लावावे की, नित्याच्या खाद्यपदार्थांत तेल किती व साखर किती असते हे पाहणाऱ्यास कळावे. सरकारी लेखनसाहित्यावर आरोग्याचा संदेश छापावा. उद्वाहकाऐवजी जिन्याचा वापर वाढवावा. असा त्या पत्राचा आशय होता. भारतात २०२१ साली वजन प्रमाणाबाहेर असलेल्या प्रौढांची संख्या १८ कोटी होती, ती २०५० पर्यंत ४४.९ कोटी होईल, असा शास्त्रज्ञांचा अंदाज त्यात दिला होता. जुलैच्या मध्यास वर्तमानपत्रांतून बातमी झळकली की नागपूरच्या एम्समध्ये समोसा व जिलबी यांच्या शेजारी सिगारेटच्या पाकिटावर असतो तसा इशारा लागणार. मग काय विचारता! समोशावर संकट आले, जिलबीचा अपमान झाला, पाश्चात्य पिझ्झ्याला मोकळे सोडून आमच्या पदार्थांनाच का धरले, असा एकच गदारोळ उठला. १५ जुलै रोजी सरकारला खुलासा करावा लागला, की विक्रेत्यांच्या पदार्थांवर इशारे लावण्यास आम्ही सांगितलेले नाही, कोणत्याही एका पदार्थाचे नाव घेतलेले नाही, आणि देशातील रस्त्यावरच्या खाद्यसंस्कृतीवर आमचा रोख नाही; ती कार्यालयांसाठी केलेली एक सर्वसाधारण सूचना आहे.

वाद मिटला. परंतु त्या वादात दोन्ही पक्षांनी एक गोष्ट न तपासताच गृहीत धरली होती, असे मला वाटते. फलकाचे कैवारी म्हणत होते की फलक लागला म्हणजे लोक समोसा सोडतील. विरोधकांना भीती होती की फलक लागला म्हणजे लोक समोसा सोडतील. फलकाने माणूस खरोखर काही सोडतो काय, हे कोणीच विचारले नाही. समाजशास्त्राच्या अभ्यासकांनी मात्र हा प्रश्न पुष्कळ विचारला आहे, व त्याची उत्तरेही मिळविली आहेत. आज मी आपल्यापुढे जे मांडणार आहे, ते त्या उत्तरांविषयी आहे.

लोक काय खातात व कशावर पैसा खर्च करतात, हे घरोघर जाऊन विचारण्याची पद्धत आपल्या प्रांताला नवी नाही. मुंबई सरकारच्या कामगार कचेरीने १९२१-२२ साली मुंबईतील २,४७३ कामकरी कुटुंबांचा जमाखर्च तपासला होता. त्यातून निघालेला निष्कर्ष त्या काळी फार गाजला: गिरणीत राबणाऱ्या मजुराच्या पोटात जाणारे धान्य तुरुंगातील कैद्याला नियमाने मिळणाऱ्या धान्याहून कमी आहे. त्यानंतर अर्धशतकाने, १९७१ साली, पुण्याचे वि. म. दांडेकर व नीलकंठ रथ यांनी देशातील दारिद्र्याचा जो सुप्रसिद्ध अभ्यास प्रसिद्ध केला, त्यातही माणशी दररोज २,२५० उष्मांक मिळतात की नाहीत हीच मोजपट्टी धरली होती. अन्न कमी पडते, हा त्या साऱ्या पिढ्यांचा प्रश्न होता.

आता २०२२-२३ सालची राष्ट्रीय पाहणी घ्या. ग्रामीण कुटुंबाच्या एकूण खर्चापैकी तृणधान्यांवर ४.९१ टक्के व शहरी कुटुंबाच्या खर्चापैकी ३.६४ टक्के जातात. आणि पेये, फराळाचे जिन्नस व तयार खाद्य यांवर खेड्यात ९.६२ टक्के, शहरात १०.६४ टक्के जातात. ज्वारी, तांदूळ, गहू मिळून जितका खर्च, त्याच्या खेड्यात जवळजवळ दुप्पट व शहरात जवळजवळ तिप्पट खर्च चहाची टपरी, बिस्किटाचा पुडा, शेव-चिवडा व शीतपेयाची बाटली यांचा आहे. १९९९-२००० साली खेड्यातील तृणधान्याचा वाटा बावीस टक्क्यांच्या आसपास होता. एका पिढीच्या आत घडलेला हा पालट आहे. पुढल्या पिढीस कदाचित त्याचे नवलही वाटणार नाही. पण रेशनच्या दुकानासमोर पिशवी घेऊन उभे राहिलेल्या आमच्या पिढीस हे आकडे वाचून काही काळ थांबावे लागते.

तथापि भूक संपली व आता केवळ लठ्ठपणा उरला, असे कोणी समजू नये. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २४ टक्के स्त्रियांचे वजन प्रमाणाहून अधिक आढळले, आणि त्याच पाहणीत १८.७ टक्के स्त्रिया प्रमाणाहून कृश आढळल्या. एकाच आळीत, कधी कधी एकाच घरात, दोन्ही. तेव्हा 'तेल कमी खा' असे लिहिलेला फलक कोणी वाचावा, हाही प्रश्न आहेच. रुग्णालयात मुलाला घेऊन आलेली मजूर स्त्री दिवसभरच्या उपवासानंतर दहा-वीस रुपयांत पोटाला आधार म्हणून समोसा घेते, तेव्हा तिच्यापुढे जो फलक असतो, तो तिच्यासाठी लिहिलेला नसतो.

आता मूळ कोड्याकडे वळू. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत मांसाचा तुटवडा पडला. जनावराचे हृदय, गुरदा यांसारखे जे अवयव तेथील गृहिणी शिजवीत नसत, ते त्यांनी शिजवावे अशी सरकारची इच्छा होती. शाकाहारी श्रोत्यांनी या उदाहरणाबद्दल क्षमा करावी. शास्त्राच्या दृष्टीने ते बहुमोल आहे. कुर्ट लेविन नावाचे मानसशास्त्रज्ञ जर्मनीतून अमेरिकेत येऊन स्थायिक झाले होते. त्यांनी गृहिणींचे गट केले. काही गटांना उत्तम वक्त्यांकडून व्याख्यान ऐकविले: या अन्नातील सत्त्वे कोणती, ते किती स्वस्त, देशकार्य कसे, पाककृती कोणत्या. इतर गटांना व्याख्यान न देता आपसांत चर्चा करू दिली: घरची माणसे नाक मुरडतील त्याचे काय, वास येतो त्याचे काय, आणि शेवटी पुढल्या आठवड्यात हे करून पाहण्यास कोण तयार आहे, त्यांनी हात वर करावे, असे सांगितले. पुढे चौकशी केली तेव्हा व्याख्यान ऐकलेल्यांपैकी अवघ्या ३ टक्के स्त्रियांनी तो नवा पदार्थ घरी केला होता. चर्चा करून ठरविणाऱ्यांपैकी ३२ टक्क्यांनी.

तीन आणि बत्तीस! हे आकडे प्रथम वाचले तेव्हा माझे आरोग्यशास्त्राचे सगळे तास माझ्या डोळ्यांपुढून गेले. मी तीन टक्क्यांच्या पंथातला मास्तर होतो. (आणि आज मी जे करीत आहे तेही व्याख्यानच आहे, हे माझ्या ध्यानात आहे.)

लेविन यांनी आणखी एक मार्मिक गोष्ट सांगितली. घरात अन्न ज्या वाटांनी येते, त्या प्रत्येक वाटेवर एक द्वारपाल असतो; त्याने आत घेतले ते घरातली माणसे खातात, कारण समोर आलेले खाणे हा बहुतेकांचा स्वभाव आहे. म्हणून खाणाऱ्याची समजूत घालण्यापूर्वी द्वारपाल कोण, ते शोधावे. त्या काळच्या घरात तो द्वारपाल गृहिणी होती. आजच्या मिहानमध्ये तो कोण आहे? कंपनीच्या उपाहारगृहाचा ठेकेदार. त्याची निविदा मंजूर करणारा अधिकारी. भ्रमणध्वनीवर मागविलेले जेवण घरपोच करणाऱ्या कंपन्यांची यादी, जिच्यात वर कोणते नाव दिसावे हे दुसरेच कोणी ठरवितो. खाणाऱ्याचा हात शेवटी पुढे होतो. निवड त्यापूर्वीच पुष्कळशी झालेली असते.

फलकांची परीक्षाही प्रत्यक्ष झालेली आहे. न्यूयॉर्क शहराने २००८ साली उपाहारगृहांच्या मोठ्या साखळ्यांना प्रत्येक पदार्थापुढे त्याचे उष्मांक लिहिण्याची सक्ती केली. संशोधक गरीब वस्त्यांतील उपाहारगृहांच्या दारात उभे राहिले, गिऱ्हाइकांस प्रश्न विचारले आणि त्यांच्या पावत्या मागून घेतल्या. पुष्कळांनी आकडे पाहिले होते. पाहणाऱ्यांपैकी चौथाईहून अधिक म्हणाले की होय, त्यामुळे आम्ही निवड बदलली. पावत्या जुळविल्या तेव्हा आधीच्या व नंतरच्या खरेदीत फरक सापडला नाही. लोक खोटे बोलत होते असे मला वाटत नाही. आपण असे वागतो, अशी त्यांची प्रामाणिक कल्पना होती. माझ्या विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिका आणि न्यूयॉर्कच्या या पावत्या यांत मला फारसे अंतर दिसत नाही. माणूस काय म्हणतो ते लिहून घेऊन न थांबता तो काय विकत घेतो हे पाहावे, हा धडा या शास्त्राने तेव्हापासून चांगलाच घोकला आहे.

अशा निरनिराळ्या देशांतील प्रयोगांचा एकत्र आढावा जानेवारी २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचा निष्कर्ष असा, की उष्मांकांच्या पाटीमुळे लोकांनी निवडलेल्या उष्मांकांत सरासरी १.८ टक्के घट होते. सहाशे उष्मांकांच्या जेवणात अकरा उष्मांक. समोशाच्या कोपऱ्याएवढीही ही घट नाही. लक्षावधी माणसांच्या रोजच्या जेवणात ती होत राहिली तर तिचेही काही मोल आहे, हे मान्य केले पाहिजे; परंतु ज्या फलकासाठी एवढे रण माजले, त्याचे बळ इतके आहे, हे त्या आठवड्यात कोणी सांगितले असते तर बरे झाले असते.

मग रुग्णालयातील उपाहारगृहाने काही करूच नये काय? येथे मला अमेरिकेतील बोस्टन शहरच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलचे उदाहरण सांगावेसे वाटते, कारण आपल्या मिहानच्या प्रश्नाशी ते अगदी जवळचे आहे. तेथील मोठ्या उपाहारगृहात २०१० साली प्रत्येक पदार्थावर रस्त्यावरील दिव्यांप्रमाणे खूण केली: हितकर त्यास हिरवी, मध्यम त्यास पिवळी, अहितकर त्यास तांबडी. आकडे नाहीत, उपदेश नाही, रंग तेवढा. काही महिन्यांनी दुसरी पायरी घेतली. पाण्याच्या बाटल्या डोळ्यांच्या रेषेत आणल्या, जागोजाग टोपल्यांत ठेवल्या. साखरेची पेये खालच्या फळीवर नेली. बंदी कशावरही नव्हती. ज्याला पाहिजे त्याने वाकून घ्यावे. दोन वर्षांनी हिशेब केला तेव्हा तांबड्या पदार्थांचा विक्रीतील वाटा २४ टक्क्यांवरून २० वर आला होता, तांबड्या पेयांचा २६ वरून १७ वर, आणि हिरव्यांचा ४१ वरून ४६ वर गेला होता. उपाहारगृहाची एकूण विक्री घटली नाही. ही शेवटची गोष्ट मी मुद्दाम सांगतो, कारण ठेकेदाराचा पहिला प्रश्न तोच असतो.

वाकण्याचा आळस हा एवढा बलवान असतो, हे ऐकून हसू येते. पण रात्रपाळीचा विचार करा. मिहानमधील कित्येक तरुण परदेशच्या घड्याळाप्रमाणे काम करतात. पहाटे दोन वाजता, डोळ्यांवर झापड आणि पोटात भूक असताना, तेलाचे ग्रॅम किती हे वाचून त्रैराशिक मांडण्याची कोणाची तयारी असणार? जे ऊन आहे, जे समोर आहे, जे परवडते आणि जे सोबतीही घेत आहे, ते हात उचलतो. आपले पुष्कळसे वागणे असे, विचाराच्या मागे न जाता जागेच्या, वेळेच्या व संगतीच्या मागे जाणारे असते. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. शेंगदाणे पुढे ठेवून गप्पा मारणाऱ्या कोणाही गृहस्थाने स्वतःकडे पाहावे. मात्र जागा व वेळ ज्यांच्या हातात आहे, त्यांच्यावर यामुळे जबाबदारी येते. रात्री दोन वाजता त्या उपाहारगृहात ऊन वरण-भात किंवा उसळ-पोळी मिळत असेल आणि ती समोशाहून महाग नसेल, तर फलक न लावताही काम होईल. ती मिळतच नसेल, तर फलक ही निव्वळ टोचणी आहे.

काही गोष्टी तर खाणाऱ्याला न कळताच सुधारल्या आहेत. माझ्या लहानपणी घरोघर वनस्पती तुपाचा डबा असे. त्यातले तूप संपले की त्यात तुळस लावीत. तेल घट्ट करण्याच्या त्या प्रक्रियेत 'ट्रान्स फॅट' नावाची जी स्निग्धता तयार होते ती हृदयाला अपायकारक, हे पुढे सिद्ध झाले. आपल्याकडे अन्न सुरक्षा प्राधिकरणाने तेलातुपातील तिची मर्यादा २०२१ साली तीन टक्क्यांवर व २०२२ च्या जानेवारीपासून दोन टक्क्यांवर आणली. कोणा गिऱ्हाइकाला काही वाचावे लागले नाही, मनोनिग्रह करावा लागला नाही. दक्षिण अमेरिकेतील चिली देशाने २०१६ साली साखर, मीठ, चरबी अधिक असलेल्या बांधीव पदार्थांच्या वेष्टनावर ठसठशीत काळी अष्टकोनी खूण सक्तीची केली, शाळांतून ते पदार्थ काढून टाकले व मुलांना उद्देशून त्यांच्या जाहिराती बंद केल्या. पुढील दीड वर्षात तशी खूण असलेल्या पेयांची खरेदी सुमारे २४ टक्क्यांनी घटली. आणि त्या खुणेचा सर्वांत लक्षपूर्वक वाचक गिऱ्हाईक नव्हता, कारखानदार होता! खूण टळावी म्हणून कित्येकांनी आपल्या मालातील साखरच कमी केली. आपल्याकडे वेष्टनाच्या दर्शनी भागावर तारे छापण्याचा मसुदा सप्टेंबर २०२२ मध्ये निघाला; २०२५ सालीही हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे होता. समोशाला पाटी लावावी की नाही यावर आठवडाभर भांडणाऱ्या आपण सर्वांनी बिस्किटाच्या पुड्याच्या पाठीवरील मुंगीएवढ्या अक्षरांविषयी अवाक्षर काढले नाही, हे मला त्या वादातले सर्वांत मोठे वैगुण्य वाटते. कढईमागे उभा असलेला माणूस डोळ्यांना दिसतो, म्हणून बोट त्याच्याकडे जाते.

या कढईतल्या तेलाची कथाही निराळी ऐकण्यासारखी आहे. २०२४ सालच्या नीती आयोगाच्या अहवालाप्रमाणे भारतात माणशी वर्षाला १९.७ किलो खाद्यतेल लागते. प्रकृतीच्या दृष्टीने सुमारे १२ किलो पुरेसे, असे वैद्यकीय संशोधन परिषदेचे प्रमाण सांगतात. देशात पिकणाऱ्या तेलाने ही गरज निम्मीही भागत नाही. २०२३-२४ च्या हंगामात सुमारे १६० लाख टन तेल परदेशातून आले. त्यातील मोठा वाटा इंडोनेशिया व मलेशिया येथल्या पामतेलाचा, आणि त्या पामच्या बागांसाठी तेथील अरण्ये कापली गेली हे जगजाहीर आहे. म्हणजे आपल्या गरजेपेक्षा अधिक खाल्लेले तेल एकाच वेळी आपल्या रक्तवाहिन्यांवर, देशाच्या तिजोरीवर आणि कोठल्या तरी दूरच्या जंगलावर पडते. याच विदर्भात जवस, करडई, भुईमूग, तीळ यांच्या घाण्या गावोगाव फिरत होत्या, हे साठीच्या पुढल्या माणसांना आठवत असेल.

येथून जवळच वर्ध्याच्या मगनवाडीत १९३४ च्या अखेरीस स्थापन झालेल्या ग्रामोद्योग संघाने याच घाणीच्या सुधारणेवर परिश्रम घेतले होते. त्या संघाचे सूत्रधार जे. सी. कुमारप्पा हे लंडनमध्ये शिकलेले हिशेबनीस होते. त्यांनी १९४५ साली 'शाश्वत अर्थव्यवस्था' या अर्थाचे नाव असलेला ग्रंथ प्रसिद्ध केला. आज ज्याला 'टिकाऊ विकास' म्हणतात त्याचे बीज त्यात आहे. वस्तू विकत घेणारा मनुष्य ती वस्तू कशी तयार झाली त्याच्या बऱ्यावाईटाचा भागीदार असतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. मला ते थोर वाटते. पण वर सांगितलेले प्रयोग वाचल्यानंतर असेही वाटते की हा भागीदार बिचारा बहुधा भुकेला, घाईत व अर्धवट माहितीचा असतो, आणि सर्व भार एकट्या त्याच्या विवेकावर टाकणे हिशेबनिसाला शोभत नाही.

तेलाबाबत आणखी एक बारीक गोष्ट. तेल पुनःपुन्हा तापविले म्हणजे त्यात अपायकारक द्रव्ये वाढतात. त्यांचे प्रमाण शेकडा २५ च्या वर गेले की ते तेल खाण्याकरिता वापरू नये, असा नियम १ जुलै २०१८ पासून लागू आहे. दिवसाला पन्नास लिटरहून अधिक तेल वापरणाऱ्यांनी वापरलेल्या तेलाची नोंद ठेवावी व ते अधिकृत संग्राहकास द्यावे, असाही दंडक पुढे झाला. त्या तेलापासून इंजिनासाठी जैवइंधन करता येते. परंतु जेथे ही नोंद होत नाही तेथे मोठ्या कढईतले काळे तेल स्वस्तात लहान कढईकडे जाण्याची वाट उघडी राहते, आणि सर्वांत वाईट तेल सर्वांत गरीब गिऱ्हाइकाच्या वाट्याला येते. लहान विक्रेत्याजवळ तेल तपासण्याचे यंत्र नसते. चांगले तेल घेण्यापुरता नफाही कधी कधी नसतो. मला कोणी विचारले, तर मी म्हणेन की मिहानसारख्या ठिकाणी, जेथे मोठी उपाहारगृहे, खाद्यकारखाने व रुग्णालय एकाच आवारात आहेत, तेथे फलकापूर्वी या काळ्या तेलाच्या डब्यांचा पुरता हिशेब ठेवावा, आणि बाहेरच्या हातगाडीवाल्यास ताजे तेल घाऊक भावाने मिळेल अशी सोय करावी. कार्डबोर्डवर अक्षरे रंगविण्याहून हे कष्टाचे काम आहे. म्हणूनच ते मागे पडते.

श्रोतेहो, दुसऱ्यांस शहाणपण शिकविणाऱ्याने आपल्या घराचा हिशेब द्यावा, हे बरे. आमच्या घरी आम्ही पाच माणसे: मी, सौ., चिरंजीव, सूनबाई व नात. तेलाचा पंधरा किलोचा डबा येतो. माणशी वर्षाला बारा किलो हे प्रमाण धरले, तर पाच जणांना तो तीन महिने पुरावा. मी मुकाट्याने डबा उघडल्याची व संपल्याची तारीख लिहून ठेवली. तो एक्कावन्न दिवसांत संपला. म्हणजे देशाच्या सरासरीच्याही आम्ही पुढे होतो. मी सवयीप्रमाणे प्रथम व्याख्यान दिले. परिणाम तीन टक्क्यांहून कमी झाला, असे मला वाटते. सूनबाईंनी अदबीने ऐकून घेतले आणि त्याच संध्याकाळी भजी झाली, ती मीही खाल्ली. मग लेविनसाहेबांची आठवण करून रात्री जेवताना नुसती तारखांची वही पुढे ठेवली व काय करावे असे विचारले. बोलता बोलता ठरले ते असे: डबा माजघरात ठेवावा, ओट्याजवळ लहान बुधली असावी व ती ठरल्या दिवशीच भरावी, फोडणीची पळी बदलून लहान घ्यावी, तळण रविवारी करावे. यातली एकही कल्पना माझी नव्हती. बुधलीची सूनबाईंची, पळीची सौभाग्यवतींची, आणि रविवारची चिरंजीवांची, कारण त्या दिवशी ते घरी असतात.

त्यापुढचा डबा अडुसष्ट दिवस चालला, आणि त्याच्या मध्येच दिवाळी येऊन गेली. सध्याच्या डब्यावर नातीने उघडल्याची तारीख खडूने लिहिली आहे. आज त्रेचाळिसावा दिवस असून डबा निम्म्याच्या थोडा वर आहे. तिचे म्हणणे एवढेच, की आजोबा, तुम्ही बुधवारच्या बाजारात उभ्याने खाता त्या समोशाचे तेल या डब्यात धरलेले नाही. तेव्हा त्याची वेगळी वही घालावी लागेल.